मधली वर्षे

मुलीचे लग्न लवकर करावे, मुलेबाळे लवकर होऊ द्यावीत, म्हणजे ती लवकर मोकळी होते, असा एक युक्तिवाद अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या अवर्षणाच्या तालुक्यांत आजही इतक्या सहजपणे मांडला जातो की, त्याचे खंडन करण्यास निघालेल्या पाहुण्याला प्रथम आपल्याच पुस्तकी ज्ञानाचा संकोच वाटावा. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. अंगात धमक आहे तोवर पोरे वाढवून घ्यावीत, पस्तिशीत ती हाताशी यावीत आणि उतारवयात त्यांनी आपल्याला पाहावे, या हिशेबात व्यवहार आहे आणि एका परीने दूरदृष्टीही आहे. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, जमीन असली तरी तिच्यावर पाऊस पडेलच याची हमी नाही, अशा घराने अपत्यांच्या बळावर भविष्य बांधू पाहिले तर त्याला हसण्याचा अधिकार ज्यांच्या खात्यात दरमहा पगार जमा होतो त्यांना तरी खासच नाही. परंतु हिशेब मांडला की तो तपासावा लागतो. आणि येथे तपासावयाचे ते इतकेच की, ही बाई मोकळी होते ती कोणत्या कामातून, कोणत्या वयात, आणि मोकळी झाल्यावर तिच्या हाती काय शिल्लक राहिलेले असते.

२०२४ साली अहमदनगरचा अहिल्यानगर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. एवढ्या मोठ्या मुलखाचे दैव एकसारखे नसावे, हे ओघानेच आले. उत्तरेकडील तालुक्यांत प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या कालव्यांनी उसाचे मळे उभे केले; लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगातून महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना निघाला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, पुढे कारखान्यांची रांग लागली आणि सहकाराच्या इतिहासात नगरचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. दक्षिण आणि पूर्व अंगाच्या तालुक्यांच्या वाट्याला मात्र पर्जन्यछाया आली. ज्वारी-बाजरीचे एक पीक लागले तर लागले, नाहीतर दसरा होताच बिऱ्हाड बांधून ऊसतोडीस निघावयाचे, ही तेथील कितीतरी गावांची वहिवाट होऊन बसली. सहकाराच्या गौरवग्रंथांत उत्पादक सभासदाचे छायाचित्र असते. ज्या हातांनी तो ऊस तुटतो त्या हातांची नोंद मुकादमाच्या वहीखेरीज अन्यत्र क्वचितच सापडते.

आणि मुकादमाच्या वहीतली मोजदाद कोयत्याची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावयाची ती जोडीच्या हिशेबाने. म्हणून घरातल्या पोराला मिसरूड फुटू लागले की त्याचा अर्धा कोयता पुरा करण्याची घाई बापाला होते. तेवढीच निकड दुसऱ्या घरीही असते. तेथे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, आणि तिचे आईबाप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावाबाहेर राहणार आहेत. तिला म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावी तर आजीलाच कोणी सांभाळावे अशी स्थिती. बरोबर न्यावी तर तळावरच्या कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, दार नाही आणि न्हाणीला आडोसा नाही. अशा वेळी 'पोरीची जोखीम' हे शब्द बापाच्या तोंडी येतात आणि तिला उजवून टाकणे हाच एक बंदोबस्त त्याला सुचतो. त्याला अडाणी ठरवून आपण मोकळे होणे फार सोपे आहे. त्याच्या मुलीसाठी सहा महिने विश्वासाने चालेल असे वसतिगृह चालविणे कठीण आहे; तशा योजना निघाल्या, काही ठिकाणी चालल्याही, परंतु बापाचा विश्वास बसावा इतक्या सातत्याने त्या कोठे चालल्या असतील तर तो अपवाद.

ग्रामीण महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून रोजी येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालावयास आलेल्या आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी शाळेच्या सोयीने वय बसवून दाखलखारीज रजिस्टरात ते चढवीत. त्या काळी वयाची ही लबाडी मूल शाळेत यावे म्हणून होत असे. आता ती मुलगी शाळेतून गेली हे झाकण्यासाठी होते. आरोग्य उपकेंद्रात गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा वार असतो, त्या दिवशी बाकावर तासभर बसून राहिले तर हा व्यवहार कोणासही पाहावयास मिळेल. परिचारिका कार्ड पुढे ओढते, नाव विचारते, मुलगी नाव सांगते. मग वय विचारते, आणि मुलगी सासूकडे पाहते. सासू 'एकोणीस' म्हणते. परिचारिकेची लेखणी थबकते. तिची दृष्टी मुलीच्या मनगटावरून, त्यावर सैल पडलेल्या हिरव्या बांगड्यांवरून फिरते, आणि ती एकोणीस लिहिते. तिने सोळा लिहिले असते तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांना वर्दी देणे तिच्यावर बंधनकारक झाले असते, त्या मुलीचा नवरा गजाआड गेला असता, आणि पुढच्या खेपेस गावातली दुसरी सोळा वर्षांची मुलगी उपकेंद्राची पायरी न चढता घरीच बाळंत झाली असती. त्या खोट्या एकोणिसात परिचारिकेची भीतीही आहे आणि दयाही आहे. कोणती किती, हे तिलाही सांगता येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे वाचताना हा बाक नजरेआड करू नये. त्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शेकडा ७.६ जणी माता झालेल्या अथवा गरोदर होत्या. पाथर्डी-जामखेडच्या शिवेला शिव लागून असलेल्या बीड जिल्ह्यात यांतील पहिला आकडा शेकडा ४० च्याही वर गेला. वस्तुस्थिती याहून बरी असण्याचा संभव नाही. वय कमी करून सांगणारी सासू अद्याप कोणी पाहिलेली नाही.

आता शरीराची गोष्ट. ती पुष्कळ सांगितली जाते, आणि तरीही अर्धीच सांगितली जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे हाड वाढावयाचे राहिलेले असते, कटीची कमान पुरती रुंदावलेली नसते. तिच्या अंगात मुळातच अल्प असलेल्या रक्तावर, लोहावर आणि चुन्यावर दोन वाढत्या जिवांचा एकाच वेळी हक्क पोचतो. त्यामुळे अडलेली बाळंतपणे, गरोदरपणातील झटके, बाळंतपणानंतरचे जंतुदोष आणि कमी वजनाची अर्भके या वयाच्या मातांत अधिक आढळतात, हे वैद्यकाने निःसंशय ठरविले आहे. येथवरची हकीकत भित्तिपत्रकांवर येते. तिच्यापुढची येत नाही, कारण पुढच्या काळात ती मुलगी 'अल्पवयीन माता' राहिलेली नसते. ती नुसती बाई झालेली असते आणि बाईच्या कंबरदुखीला बातमीचे मोल नसते.

ती पुढची हकीकत अशी. विसाव्या वर्षी पदरात दोन-तीन मुले आहेत, आणि आता पुरे असे तिला वाटते. पण सरकारी नियमाप्रमाणे कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेस स्त्रीचे वय बावीस लागते. म्हणजे जिच्या लग्नाच्या आणि प्रसूतीच्या वेळी वयाचा दाखला कोणी मागितला नाही, तिला थांबावयाचे झाले तेव्हा मात्र वय आड येते. बाविसाव्या वर्षी ऑपरेशन होते. त्यानंतर पहाटे साडेतीन-चारला उठून भाकरी थापणे, फडात ओणव्याने तोड, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे, झोळीतले पोर बाभळीच्या फांदीला किंवा गाडीच्या दांडीला टांगलेले. पाळीच्या दिवसांतही खाडा पडला तर दंड कापला जाणार म्हणून रजा नाही, आणि कोपीवर स्वच्छतेपुरते पाणी नाही. अंगावरून जाण्याचा, ओटीपोटाच्या दुखण्याचा त्रास सुरू होतो. तालुक्याच्या गावी दवाखान्यात सांगण्यात येते की, पोरेबाळे झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, काढून टाका. ही अतिशयोक्ती नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्या टोळ्यांत आणि पाथर्डी-शेवगावच्या टोळ्यांत जिल्ह्याच्या सरहद्दीखेरीज दुसरे अंतर नाही. गर्भाशय गेलेल्या स्त्रीची पाळी अकाली जाते, पुष्कळदा हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि चाळिशीच्या आत तिला उकिडवे बसून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. पंधराव्या वर्षी मातृत्वात शिरलेली बाई तिशी-पस्तिशीत त्या अवयवासकट त्यातून बाहेर पडते. लवकर मोकळी होण्याचा एक अर्थ हाही आहे.

तथापि मला जे म्हणावयाचे आहे ते शरीराच्या पलीकडचे आहे. मनुष्याच्या आयुष्यात बाल्य आणि प्रपंच यांच्या दरम्यान काही वर्षे अशी असावी लागतात की, ज्यांत त्याच्यावर दुसऱ्या जिवाचा भार नसतो, केलेली चूक बहुधा स्वतःपुरती राहते, मत बनविता येते आणि मोडताही येते, मैत्री करता येते, तुटली तर नवी जोडता येते, आणि आपल्याला काय नको आहे हे उमगण्याइतपत रिकामा वेळ मिळतो. ही वर्षे वरवर निरुद्योगी दिसतात. परंतु पुढल्या आयुष्यभर जी इच्छाशक्ती वापरावयाची असते ती याच वर्षांत घडते. धर्मशास्त्रकारांनी पुरुषाला ती ब्रह्मचर्याश्रम या भारदस्त नावाखाली राखून दिली, आणि स्त्रीला विवाह हाच उपनयनाच्या ठिकाणी असे सांगून तिची तीच वर्षे एका वचनासरशी छाटून टाकली. अकाली मातृत्वाचा दूरगामी परिणाम कोणता, असे मला कोणी विचारले तर मी रक्तक्षयाच्या आणि अशक्तपणाच्या आधी या मधल्या वर्षांचा लोप सांगेन. कारण रक्तक्षयावर गोळी आहे. पण निर्णय घेण्याची सवय ज्या वयात लागते ते वय पाळण्यापाशी गेलेली स्त्री पुढे तिशीत घर नावावर करून घेण्याचा प्रसंग आला, नवऱ्याच्या मारहाणीची फिर्याद देण्याची वेळ आली, ग्रामसभेत हात वर करण्याची संधी आली, तरी आधी शेजारच्या चेहऱ्याकडे पाहते. उपकेंद्राच्या बाकावर वय विचारल्यावर पाहिले होते, तसेच.

जिल्ह्याला आज ज्यांचे नाव दिले आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा. त्यांचे लग्न आठव्या वर्षी झाले, हे बालविवाहाच्या समर्थनार्थ मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. त्यांचे पुत्र मालेराव १७४५ मध्ये जन्मले, म्हणजे लग्न आणि मातृत्व यांच्यामध्ये बारा वर्षे गेली, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. चरित्रकार सांगतात की, मल्हाररावांनी या सुनेच्या हाती दौलतीचा हिशेब, पत्रव्यवहार आणि फौजेच्या रसदेची तजवीज हळूहळू सोपविली. अठराव्या शतकातील एका सरदाराच्या वाड्यात का होईना, विवाहित मुलीला मधली वर्षे मिळाली आणि त्यांत तिला विद्या मिळाली. अहिल्याबाईंच्या नावाने आज राज्यात ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही योजना नाव ठेवणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा अधिक समर्पक आहे; आठवीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत जाण्याची सोय हीच पुष्कळशा मुलींच्या बाबतीत मधल्या वर्षांची एकमेव सनद असते. गाडी वेळेवर येत नाही तेव्हा ती सनद रद्द होते.

एकोणिसाव्या शतकातील ज्या स्त्रियांची नावे आपण शाळांच्या भिंतींवर लिहितो, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते आणि ती मनाला अस्वस्थ करते. नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले यांना अपत्य झाले नाही. रमाबाई रानडे यांनाही नाही. पंडिता रमाबाई बाविसाव्या वर्षापर्यंत अविवाहित राहिल्या. डॉक्टर रखमाबाईंनी तर नांदावयास जाण्याचेच नाकारले. लक्ष्मीबाई टिळकांसारखा, मुलाबाळांच्या रगाड्यातून वाट काढीत लिहिती झालेला अपवाद आहे. पण तो अपवाद म्हणूनच उठून दिसतो. आणि आनंदीबाई जोशी? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी प्रसूती, आणि दहा दिवसांत त्या मुलाचा मृत्यू. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, या विचाराने त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. आपण ही कथा जिद्दीची म्हणून सांगतो व ती तशी आहेच. पण एक क्रूर प्रश्न तिच्यात दडलेला आहे: ते मूल जगले असते तर? कल्याणच्या त्या मुलीला मधली वर्षे मिळाली ती एका पाळण्याच्या रिकामेपणातून मिळाली. आणि तिचे पती गोपाळराव यांचा हट्ट कितीही खरा धरला तरी कडेवरच्या पोरासह तिला बोटीवर चढता आले असते, असे मानण्यास फार मोठा आशावाद लागेल.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. अमेरिकेत किशोरवयीन मातांच्या दुर्दशेवर अनेक वर्षे लिहिले गेल्यावर १९९२ साली आर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन या संशोधकांनी सख्ख्या बहिणींचीच तुलना केली: एक लहान वयात आई झालेली, दुसरी उशिरा. एकाच घरातल्या या बहिणींमध्ये पुढील आयुष्यातली तफावत अपेक्षेहून पुष्कळच कमी निघाली. म्हणजे जे अकाली मातृत्वाच्या माथी मारले जात होते त्यातला मोठा भाग मुळात दारिद्र्याचा होता. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि पाथर्डीच्या कोपीपुढे उभे राहून तो अमान्य करणे कोणासही शक्य नाही. उद्या सर्व मुलींची लग्ने बाविसाव्या वर्षी झाली आणि उचल, कोयता, खाडा तसाच राहिला तर बाविसाव्या वर्षी लग्न झालेल्या बायकाही पिशवी काढूनच परततील. परंतु अमेरिकेतील ती मुलगी आणि आपल्याकडची मुलगी यांच्यात एक मूलगामी फरक आहे. तिकडे सोळाव्या वर्षी आई होणे हे बहुतांशी विवाहबाह्य आणि रूढीच्या विरुद्ध. त्या मुलीवर टीका होते, पण ती काही अंशी स्वतःच्या चुकीची मालकीण असते, आणि पुष्कळदा आईच्या घरी राहून शाळेत परत जाते. आपल्याकडे तेच मातृत्व रूढीला धरून, हळदीकुंकवाने, ओटी भरून येते. त्याच्याबरोबर घर बदलते, आडनाव बदलते, पुष्कळदा तालुका बदलतो. जिला कोणी दोष दिला नाही तिला दिलासा देण्याची गरजही कोणाला वाटत नाही. अविवाहित राहून गरोदर झालेल्या मुलीकडे आपण तात्काळ लक्ष देतो, बालकल्याण समिती बसते, नगरच्या स्नेहालयाच्या स्नेहांकुरसारखी दत्तकविधान केंद्रे तिचे बाळंतपण आणि बाळ दोन्ही सांभाळतात. हे काम थोर आहे. पण तिच्याच वयाची मंगळसूत्र घातलेली मुलगी मात्र सुखरूप आहे असे गृहीत धरले जाते.

कायद्याची दृष्टीही मंगळसूत्रापाशीच अडते. १८९१ मध्ये कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेताना पुण्यात केसरी आणि सुधारक या वृत्तपत्रांत जे वाग्युद्ध पेटले, त्यात सरकारचा अधिकार, धर्माचा अधिकार, नवऱ्याचा अधिकार यांचा ऊहापोह विपुल झाला. मुलीच्या तिशीविषयी कोणी फारसे लिहिले नाही. पुढे १९२८-२९ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र लग्नाच्या मुहूर्तावरून नजर उचलून थेट अकाली मातृत्वावर ठेवली आणि मातामृत्यू, बालमृत्यू व मुलींच्या शरीराची होणारी कायमची हानी यांचा संबंध जोडून दाखविला. त्यातून शारदा कायद्याची वाट सुकर झाली. मुलीचे वय १९२९ मध्ये चौदा, १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा झाले. आकडा चढत गेला आणि जोशी समितीचा प्रश्न दप्तरात राहिला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये खेड्यात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी आहे. १०९८ वर फोन आला की तो पोलिसांसह मांडवात पोचतो, हमीपत्र लिहून घेतो, वृत्तपत्रात बातमी येते. चार दिवसांनी तेच लग्न दुसऱ्या तालुक्यातल्या मंदिरात लागले तर त्याची बातमी होत नाही. याच कायद्याने मुलीला एक मोठा हक्क दिला आहे. अल्पवयात झालेले लग्न सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करून तिला रद्द ठरवून घेता येते. म्हणजे मुदत विसाव्या वर्षापर्यंत. आणि विसाव्या वर्षी ती कोठे असते हे आपण वर पाहिलेच आहे. विचार करण्याची उसंत तिला मिळण्याआधी विचार करण्याची मुदत संपते. राज्यकर्त्यांचा धाक तर याहून विचित्र मार्गाने चालला: २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत १९ वर्षांखालील मातेला मदत न देण्याची अट होती, बालविवाहाला उत्तेजन नको हा हेतू. जिला सर्वांत अधिक गरज तिलाच वगळणारी ही अट निघावयास २०१३ साल उजाडले.

आता त्या पस्तिशीकडे वळावे, जिच्या आशेवर सारा हिशेब मांडलेला असतो. पस्तिशीत ही बाई मोकळी होते काय? तिचा मुलगा एकोणीस-वीसचा असतो आणि त्याचा अर्धा कोयता पुरा करावयाचा असतो. मुलगी पंधराची असते आणि तिची जोखीम असते. म्हणजे ज्या क्षणी ती आईपणातून सुटते त्याच क्षणी ती सासूपणात आणि आजीपणात शिरते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागावे म्हटले तर आता बारावीचे प्रमाणपत्र लागते आणि तिने शाळा सोडलेली असते नववीत. बचत गटात ती सही करते, हिशेब दुसरी ठेवते. आणि घरात पुढच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटण्याची वेळ येते तेव्हा ती काय करते, यावर एका पिढीचे भवितव्य ठरते. रखमाबाईंच्या आईची हकीकत येथे आठवावी. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी, आईपण पंधराव्या वर्षी, वैधव्य सतराव्या वर्षी. इतके भोगलेल्या या बाईच्या मुलीचेही लग्न अकराव्या वर्षीच लावले गेले. भोगलेले दुःख मनुष्याला आपोआप शहाणे करते, ही समजूत भाबडी आहे. पुष्कळदा ते त्याला फक्त त्या दुःखाची सवय लावते. मात्र त्याच घरात, डॉक्टर सखाराम अर्जुन या सावत्र पित्याच्या पाठबळाने, मुलीला सासरी न धाडता वाढू देण्यात आले, आणि मुलीने १८८४ मध्ये उभ्या राहिलेल्या खटल्यात साऱ्या हिंदुस्थानाला उत्तर दिले. कोणीतरी पाठीशी उभे राहिले तर सवय मोडते.

जामखेडने हे फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखविले आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तेथे आले आणि गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून त्यांनी निवडल्या त्या बहुतांशी निरक्षर, पुष्कळशा दलित, अनेकींची लग्ने बालपणीच लागलेली, काही टाकलेल्या. तिशी-चाळिशीच्या या बायकांना बाळंतपणे करण्यास, मुलांचे वजन घेण्यास, ताप ओळखण्यास शिकविण्यात आले. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला जमत, शिकत आणि रात्री तेथेच मुक्काम करीत. माझ्या मते त्या मुक्कामाला औषधांच्या पेटीइतकेच महत्त्व होते. घर नाही, चूल नाही, कोणाला वाढावयाचे नाही, शेजारी आपल्यासारख्याच दहा-वीस बायका आणि रात्रभर गप्पा: ज्यांची मधली वर्षे पंधराव्या वर्षी हिरावली गेली त्यांना ती चाळिशीत थोडी थोडी, आठवड्याच्या हप्त्याने, परत मिळाली. पुढे याच बायका गावात मुलीचे लग्न लांबणीवर टाका असे बापाला तोंडावर सांगू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले, जगभरातून लोक जामखेडचा प्रयोग पाहावयास आले. आणि तरीही सरकारी योजनांनी त्यातली वजनकाट्याची व नोंदवहीची बाजू तेवढी उचलली. रात्रीच्या मुक्कामासाठी अंदाजपत्रकात शीर्षक नसते.

म्हणून लग्ने थांबविण्याच्या खटपटीइतकीच, लग्न झालेल्या आणि आई झालेल्या मुलींना ती वर्षे उशिरा का होईना परत करण्याची खटपट झाली पाहिजे, असे मला वाटते. साधने अगदीच नाहीत असे नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज आहे; पाचवी पास झालेल्या कोणालाही तो भरता येतो. अडचण अशी की अर्ज भरावयाचा पावसाळ्यात, त्या वेळी ती गावी असते. परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा ती कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या तळावर असते. जितक्या दिवसांचे पेपर तितके खाडे, शिवाय गाडीभाडे. तळाजवळच्या शाळेत केंद्र देणे परीक्षा मंडळाला अशक्य नाही; गाळपाचा परवाना घेताना कारखान्याने पेपरांच्या दिवसांचा खाडा धरणार नाही असे लिहून द्यावे, हेही साखर आयुक्तांच्या आवाक्याबाहेरचे नाही. उरतो प्रश्न पेपरच्या तीन तासांत मूल कोणी धरावयाचे हा. सासू धरील असे कोणी सुचवील. पण त्या सासूचे वय तरी पस्तीस-छत्तीसच असते, आणि १७ नंबरच्या अर्जाला कमाल वयाची अट नाही. तेव्हा मूल धरण्यासाठी तिसरीच कोणी शोधावी लागेल.